चाकाखालची वीत

१

माझ्या घरात चोरी होते आहे, असं माझ्याच पोरानं माझ्याच ओसरीत उभं राहून सांगितलं. चोर कोण, तेही सांगितलं. मी तेव्हा मोहफुलं पाखडत होते. हातातलं सूप मी खाली ठेवलं नाही. या घराला कधी कुलूप लागलेलं मला आठवत नाही, आणि माणूस कामावर ठेवताना मी त्याच्या डोळ्यांत बघून ठेवते. माझी निवड चुकली असं ज्याला म्हणायचं असेल त्यानं आधी पुरावा आणावा आणि मग तोंड उघडावं. पोटचा पोर असला तरी.

मी अनुसयाबाई. बालाघाटात बसस्टँडच्या मागे आमची वखार आहे. लामत्याच्या आणि बिरश्याच्या आठवडी बाजारात आम्ही मोहफुलं, चारोळी, लाख, धान असा माल घेतो आणि इथे आणून विकतो. मालक गेले तेव्हा लोकांनी ठरवून टाकलं की बाई आता वखारीला टाळं लावून माहेरी गोंदियाला जाईल. मी वखार वाढवली आणि वर पिकअप घेतली. जीपच्या बांध्याची, पेट्रोलचं इंजिन उतरवून डिझेलचं बसवलेली. बिरश्याच्या जंगलात ती घुरघुरत आली की बायका टोपल्या उचलून आधी तिच्याकडे येतात. गाडीचा नंबर कुणाला माहीत नाही. अनुसयाबाईची गाडी म्हटलं की झालं.

ही गाडी चालवतो डोमाजी. मालक होते तेव्हा तो आमची बैलबंडी हाकायचा. पिकअप आली तेव्हा मीच त्याला गाडी शिकायला पाठवलं. डोमाजी बोलतो कमी आणि गाडी अशी चालवतो की मागे ठेवलेला दुधाचा गंज हिंदकळत नाही.

आता माझा वसंता. वसंता हिशेबाचा पक्का आहे, ते मी नाकारणार नाही. मागच्या हिवाळ्यात डिझेलचा भाव चढला तेव्हापासून त्यानं एक शिस्त लावली होती. टाकी गळ्यापर्यंत भरायची, गाडीतल्या अंतराच्या काट्याचा आकडा बघायचा, मागच्या वेळचा आकडा त्यातून वजा करायचा. एका टाकीत गाडी किती चालली, ते कळतं. शिमग्यापासून हा आकडा घसरला होता. टाकी तीच, पण गाडी चालली कमी. एकदा नाही, दर वेळी.

डोमाजी अंगणात गाडी धूत होता. वसंतानं तिथेच विचारलं.

"डोमाजी, डिझेल कुठी जाते?"

लहानपणापासून वसंता त्याला डोमाजीभाऊ म्हणत आला. त्या दिवशी भाऊ गळाला. गळालेला तो शब्द आम्ही तिघांनीही ऐकला.

डोमाजीनं हात पुसले. गाडीची किल्ली ओसरीच्या काठावर ठेवली. मग कमरेच्या करदोड्याला बांधलेली दुसरी किल्ली सोडायला लागला. ती कशाची हे मला ठाऊक होतं. त्यांच्या वॉर्डातल्या लोकांनी आपल्या हातांनी विहार बांधला होता. बुद्ध पौर्णिमेला दार उघडायचं होतं, आणि पंचांनी किल्ली डोमाजीच्या कमरेला दिली होती. साऱ्या वॉर्डात त्याच्या नावावर बोट ठेवायला जागा नव्हती, म्हणून.

"बाई," तो म्हणाला, "ज्याच्यावर चोरीचा आळ आहे त्याच्या कमरेले विहाराची किल्ली शोभत नाई. मी आत्ताच पंचाले वापस देऊन येतो."

त्याला थांबवायला मी उठले, पण तो फाटकापाशी पोचला होता.

"डोमाजी, पौर्णिमेले ते दार तूच उघडशीन," मी मागून म्हणाले. "हे माह्यं बोलणं आहे."

बोलून तर बसले. पण काटा खोटं बोलत नव्हता. डिझेल कुठेतरी जात होतं, आणि कुठे जातं ते मला ठाऊक नव्हतं.

२

मी दुसरीपर्यंत शिकले. पण घरातलं तेल सरायला लागलं की ते कसं शोधायचं हे बाईला कुणी शिकवावं लागत नाही. डबा गळतो का, बघायचं. देणारा माप मारतो का, बघायचं. चूल जास्त खाते का, बघायचं. आणि सगळ्यात शेवटी, कुणी चोरतं का. माझ्या पोरानं शेवटचं आधी केलं होतं.

गळतीपासून सुरुवात केली. अंगण शेणानं नवं सारवून घेतलं आणि गाडी त्यावर उभी केली. सारवलेल्या अंगणात तेलाचा थेंब लपत नाही. सकाळी गाडी सरकवली तर खाली डाग म्हणून नव्हता.

गाडीचा मागचा हौदा रिकामा करून बघायचा होता. शांताबाईला हाक मारली. पोती चढवायचं काम तीच करते, आणि कामापेक्षा तोंड जास्त चालवते. पोती उतरवता उतरवता तिचं सुरू झालं.

"बाई, गाडी उंच झाली का मी बुटकी झाली? आताशा पोतं चढवाले टाचा उचला लागते."

मी म्हटलं, वय झालं तुझं, माझेही गुडघे आताशा गाडीत चढताना कुरकुरतात, तर मी काय गाडीला दोष देते का? ती हसली. हौद्यात काही निघालं नाही. गोठाही धुंडाळला, कुणी डबा लपवला असेल म्हणून. तिथे गाडीची जुनी टायरं पडली होती आणि एकात माझ्या सुनेची, पुष्पलतेची, काळी कोंबडी अंड्यांवर बसली होती. मी वाकले तशी माझ्या बोटाला चोच मारून तिनं मला तिथून घालवलं.

मग पंप. पंपावर प्रेमलाल असतो. मी घरून दुधाची बरणी नेली. तिच्यात किती मावतं हे मला माझ्या नावाइतकं ठाऊक आहे. म्हटलं, यात भर. माझा संशय त्याच्या ध्यानात आला, पण त्यानं राग धरला नाही.

"अम्मा, आपका बर्तन, आपकी आँख," एवढंच म्हणाला. बरणी भरली ती काठोकाठ, आणि यंत्रावरचा आकडाही बरोबर. एवढंच की त्या बरणीत मग वर्षभर दूध घालता आलं नाही.

राहिली चूल. म्हणजे इंजिन. रेल्वे फाटकाजवळ भोजराजचं गॅरेज आहे. गाडीत डिझेलचं इंजिन त्यानंच बसवलं होतं, तेव्हा खोट निघाली तर ती त्याचीच असणार, आणि हे त्यालाही कळत होतं. दिवसभर त्यानं गाडी उकलली. हवेची जाळी काढून दाखवली, स्वच्छ होती. डिझेल फवारणाऱ्या नळ्या तपासल्या. ब्रेक चाकाला घासतात का म्हणून गाडी सपाटीवर उभी करून एका हातानं ढकलली. पाळणा हलावा तशी हलली.

"बाई, गाडीले रोग नाई," तो म्हणाला. "धूर काळा नाई, खेच चांगली आहे. मी लिहून देतो म्हणसान तर देतो."

मी विचारलं, मग तो आत काचेमागचा काटा तरी बरोबर आहे का? तो म्हणाला, काट्यात बिघडण्यासारखं काहीच नाही. मागचं चाक फिरतं, त्याच्याबरोबर तार फिरते, तारेबरोबर आकडा फिरतो. त्यानं चाक उचलून फिरवून दाखवलं. आकडा सरकला. तार शाबूत, काटा शाबूत.

थोडक्यात, टाकी गळत नव्हती, प्रेमलाल माप मारत नव्हता आणि इंजिन जास्त पीत नव्हतं. एकेक करून मी तीन दारं लावली, आणि उघडं राहिलं ते एकच. डोमाजीचं.

घरी पोचले तर वसंता फाटकात उभा. डोमाजीच्या घरी गाडीचे कागद आणायला गेला होता.

"माय, त्याच्या आंगनात डबा आहे," तो म्हणाला. "झाकलेला. माह्या नाकानं डिझेलचा वास घेतला."

३

मी तशीच मागे फिरले. वसंताला बरोबर घेतलं नाही. चोर पकडायला जायचं असलं तर लोक घेऊन जावं. मी विचारायला जात होते.

डोमाजीच्या बायकोनं, रुख्माबाईनं, बाज टाकली, पाणी दिलं. चहा दिला नाही. या घरी मी आजवर बिनचहाची उठले नव्हते. तिच्या जागी मी असते तर पाणीसुद्धा दिलं नसतं.

डबा भिंतीशी होता, वर फडकं बांधलेलं. मी डोमाजीला म्हटलं, सोड. त्यानं सोडलं. वास खरंच होता. मी दोन बोटं आत बुडवली आणि उन्हात धरली. काळं, दाट, गुळाच्या पाकासारखं ओघळणारं. डिझेल असं नसतं. डिझेल पातळ, पिवळसर, बोटावर टिकत नाही.

ते इंजिनातलं जळकं तेल होतं, भोजराज बदलून फेकतो ते. त्याला विचारून डोमाजी घेऊन यायचा. विहाराच्या चौकटीला आणि छताच्या बल्ल्यांना वाळवी लागू नये म्हणून तो ते चोपडत होता. शेवटचा एक दरवाजा राहिला होता, म्हणून डबा अजून अर्धा होता.

"वसंताले काहून नाई सांगतलं?" मी विचारलं.

"त्यानं विचारलंच नाई, बाई. वास घेतला आन गेला."

मला माझ्या पोराची लाज वाटली, पण ती मी परक्या अंगणात दाखवली नाही. मी डोमाजीला म्हटलं, मला सगळं सांग. कुठे जातोस, कुठे थांबतोस, टाकी कधी भरतोस. तो आठवून आठवून सांगू लागला. त्यात लपवण्यासारखं काहीच नव्हतं. तो आकडे बघून गाडी चालवत नाही, बाजार बघून चालवतो.

"टाकी भरली का लामत्याचे दोन बाजार होतात, बिरश्याचा एक होते, आन मंग पंपावर या लागते. गाडी घेतली तवापासून असंच आहे, बाई. आताही तसंच आहे."

मी ऐकलं. मान हलवली. आणि तिथेच माझ्या हातून धागा सुटला, कारण तेवढ्यात रुख्माबाई पहिल्यांदा बोलली. पंचांनी किल्ली घेतली नव्हती म्हणे, हाच ठेवून आला. चैतराम पंचांनी सांगितलं होतं की पौर्णिमेपर्यंत वाट पाहू, त्यानंतर कुणाला तरी द्यावी लागेल.

"दार कोणी का उघडंना," ती म्हणाली. "पण मंग आम्ही त्या दारातून कसं जाव?"

४

वसंताला मी जळक्या तेलाचं सांगितलं. डब्यापुरतं त्यानं मान्य केलं. पण कमी पडलेलं डिझेल तर कमीच होतं ना, म्हणाला. मी म्हटलं, ठीक आहे. लामत्याच्या बाजाराला गाडी तू चालव, शेजारी मी बसते. टाकी गळ्यापर्यंत भरू, परत आलो की पुन्हा भरू. वाटेत चोरायला कोणी नाही. तू नाही आणि मी नाही.

गाडीत चढताना गुडघ्यानं पुन्हा कळ दिली. मी दाराला धरून कशीबशी चढले आणि पोरानं ते बघितलं नसावं असं मनात म्हटलं.

वाटेत पोरगा खुशीत होता. गाडीवर त्याचा जीव आहे, आणि का नसावा, आपल्या कमाईची आहे. नाल्यातली रेती आली. मागच्या पावसाळ्याआधी याच रेतीत गाडी रुतून बसायची आणि बैल जुंपून ओढावी लागायची. आता एका दमात पार झाली.

"पाह्यलं, माय?" तो म्हणाला. "हे चारी टायर मी आणले म्हणून. मलाजखंडाच्या डोंगरात तांब्यासाठी जमिनीले भोकं पाडून राह्यले ना सरकारी लोक, तिथच्या ठेकेदाराकडून. तिथंच चढवून घेतले. असे दणकट टायर बालाघाटात कोणाच्या पिकअपले नाईत."

मी कौतुक केलं. खरंच दणकट होते. आपलं लेकरू डोकं चालवून काही करतं तेव्हा कोणत्या आईचा ऊर भरून येत नाही?

लामत्याला मोह घेतला, दुपार कलली तेव्हा परतलो. प्रेमलालनं टाकी गळ्यापर्यंत भरली. वसंतानं आकडा बघितला, वजाबाकी केली, परत केली. जेवढं डिझेल गेलं त्याच्या मानानं गाडी कमीच चालली होती. डोमाजी चालवायचा तेव्हा जेवढी कमी, तेवढीच.

मला वाटलं, सुटलो. आता तर डोमाजी गाडीत नव्हता. मी तसं म्हणायला तोंड उघडलं, तर वसंताचा चेहरा आणखी काळवंडला होता.

"म्हणजे नुसती चोरी नाई," तो म्हणाला. "चोरी दिसू नये म्हणून त्यानं गाडीच बिघडवून ठेवली. आता कोणी बी चालवली तरी कमीच चालन. माय, मी पंचाले सांगून येतो."

डोमाजीला सोडवायला निघाले होते, आणि माझ्याच हातानं त्याचा फास आवळला गेला होता. मी पोराला एवढंच म्हणाले की उद्या माल मोजून होईपर्यंत हे तोंड बंद ठेव. आईचा शब्द त्यानं ठेवला. पण उद्या काही फार लांब नसतो.

५

दुसऱ्या दिवशी पुष्पलता लामत्याचा मोह मोजायला बसली. सरकारनं किलो आणून कितीतरी वर्षं झाली, पण बाजारातली बाई अजून पायलीनंच देते आणि आम्ही पायलीनंच घेतो. घरी आणला की तो पुन्हा पायलीनं मोजायचा, मग पोत्यात भरायचा. ही या घराची रीत आहे.

मी भाजी निवडत होते. मोजून झाल्यावर पुष्पलता माझ्याजवळ आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "आई, मोह कमी भरला. शांताबाई काल पोत्यापाशी एकटीच होती."

माझ्या घरातलं वारं बिघडलं होतं. एकाला चोर म्हटलं की सगळ्यांना सगळीकडे चोर दिसायला लागतात. मी उठले आणि ढिगाशी गेले. ढिगावर पायली पालथी पडली होती. मी हातात घेतली आणि ती हाताला जड लागली.

ती बिरश्याची पायली होती.

आमच्या वखारीत दोन पायल्या आहेत. बिरश्याकडच्या लोकांची पायली लामत्याच्या पायलीहून मोठी. ज्या बाजाराचा माल, त्या बाजाराची पायली, हे सुनेला मी पहिल्या वर्षीच सांगितलं होतं. पण कालपासून तिचंही चित्त ठिकाणावर नव्हतं, हाती आली ती पायली घेतली. मी कोनाड्यातून लामत्याची पायली काढली आणि बिरश्याच्या पायलीत ठेवली. ती आत अलगद बसली, बाळ झोळीत बसावं तशी.

"मोह कुठी गेला नाई, पोरी," मी म्हटलं. "माप मोठं झालं. मोठ्या मापानं मोजशीन त कमीच भरन."

बोलले आणि माझ्याच बोलण्यानं मी थबकले. दोन्ही पायल्या हातात तशाच राहिल्या. पुष्पलता विचारत होती, आई, काय झालं? मला शांताबाई आठवत होती, टाचा उचलणारी. माझे गुडघे आठवत होते, जे विहिरीची पायरी चढताना कधी दुखले नाहीत, फक्त गाडीत चढताना दुखतात. आणि डोमाजी आठवत होता. लामत्याचे दोन बाजार, बिरश्याचा एक. आधीही आणि आताही.

मी पायल्या खाली ठेवल्या, गोठ्यात गेले आणि काळ्या कोंबडीसमोर उभी राहिले.

"ऊठ, बाई," मी तिला म्हणाले. "तुयं घर मले पाह्यजे."

६

दुपारी मी सगळ्यांना अंगणात बोलावलं. वसंता आणि पुष्पलता होतेच. भोजराजला निरोप धाडला, शांताबाई न बोलावता आली. चैतराम पंचांनाही बोलावलं. डोमाजीला बोलावलं नाही. ज्याच्यावर आळ घेतला त्याला उभं करून निकाल ऐकवायचा नसतो. निकाल घेऊन आपण त्याच्याकडे जायचं असतं.

अंगणात मी दारापासून फाटकापर्यंत चुन्याची सरळ रेघ ओढली होती. एका टोकाला गाडी उभी, शेजारी गोठ्यातलं जुनं टायर. कोंबडी अंड्यांसकट टोपलीत गेली होती आणि तिथून शिव्या देत होती.

"भोजराज, तो काटा काय मोजते ते यायले सांग," मी म्हणाले.

भोजराजनं मला सांगितलं होतं तेच सांगितलं. मागचं चाक फिरतं, तार फिरते, आकडा फिरतो.

"म्हणजे रस्ता मोजत नाई?"

"रस्ता कसा मोजन, बाई? त्याले काय डोळे आहेत? तो चाकाचे फेरे मोजते."

मी जुन्या टायरला चुन्याचा एक ठिपका लावला, ठिपका जमिनीशी आणला आणि वसंताला म्हटलं, रेघेवरून लोटत ने, ठिपका परत जमिनीला लागेपर्यंत. त्यानं नेलं. जिथे ठिपका टेकला तिथे मी खडा ठेवला. हा जुन्या चाकाचा एक फेरा.

मग गाडीच्या मागच्या चाकाला तसाच ठिपका लावला आणि भोजराज आणि शांताबाईनं गाडी हळूहळू ढकलली. ठिपका वर गेला, फिरला, खाली येऊ लागला. खडा आला. ठिपका अजून वरच होता. चाक खड्याच्या पुढे गेलं आणि मग ठिपका टेकला.

मी खाली बसले आणि खडा आणि चुन्याचा नवा डाग यांच्यात हात पसरला. अंगठा खड्याला, करंगळी डागाला. बरोबर एक वीत. माझी वीत, बांगड्या भरलेल्या हाताची.

"वसंता," मी म्हणाले, "शिमग्याले तू आणलेलं चाक मोठं आहे. एका फेऱ्यात ते वीतभर रस्ता जास्त चालते. तुया काटा फेरे मोजते, वीत मोजत नाई. लामत्यापर्यंत अशा किती विता जातात ते तू मोज, मले तेवढं येत नाई. गाडी पयलेइतकीच चालते. डिझेल पयलेइतकंच पिते. मोठ्या पायलीनं मोजून तू म्हणून राह्यला का मोह चोरीले गेला."

वसंता काट्याकडे, चाकाकडे, खड्याकडे आळीपाळीनं बघत होता. मी थांबले नाही. म्हटलं, डिझेल चोरलं असतं तर टाकी बिरश्याच्या आधीच सरली असती. डोमाजीची टाकी आजही लामत्याचे दोन बाजार आणि बिरश्याचा एक करूनच सरते. हे त्यानं मला सांगितलं होतं. तू त्याला विचारलं असतं तर तुलाही सांगितलं असतं.

भोजराज चाकाजवळ उकिडवा बसून स्वतःशीच हसत होता. तो म्हणाला, चढावर मोठं चाक थोडं जास्त खाईल, पण ते चिमूटभर, त्यानं एवढा फरक पडत नाही. दिवसभर मी इंजिनात शोधत होतो बाई, आणि शोधायचं होतं काट्यात.

"हौ का नाई?" शांताबाई म्हणाली. "मी त कवाचीच सांगून राह्यली का गाडी उंच झाली. मले म्हणाल्या, तुयं वय झालं."

ते तिनं चारचौघांत म्हणायला नको होतं. पण खरं होतं, म्हणून मी सोडून दिलं.

वसंता गाडीत बसला आणि गाडी घेऊन निघून गेला. चैतराम पंच माझ्याकडे बघू लागले. मी म्हटलं, येईल. तो माझा आहे. दुसऱ्याच्या सांगण्यावर आळ घेत नाही आणि दुसऱ्याच्या सांगण्यावर सोडतही नाही.

तो परत आला तेव्हा उन्हं उतरली होती. लामत्याच्या रस्त्यानं जाऊन, कडेला सरकारनं पुरलेले मैलाचे दगड मोजून आला होता. दगड पुढे गेले होते आणि काटा मागे राहिला होता. जेवढं डिझेल कमी पडत होतं, तेवढाच मागे.

"माय," तो म्हणाला, "पंचाईले म्हण, वॉर्डात मी संगंच येतो."

७

आम्ही चालतच गेलो. गाडी मुद्दाम नेली नाही. वॉर्डात शिरलो तेव्हा माणसं दारात आली. चोरीचा बोभाटा जिथे झाला होता तिथूनच माझा पोर मान खाली न घालता चालला, आणि तो मान खाली घालत नाही हे मला आवडलं. चूक केली असेल तर ती ताठ उभं राहून सांगावी.

डोमाजी विहाराच्या पायरीवर बसून शेवटच्या दरवाज्याला तेल चोपडत होता. किल्ली गेली तरी काम सोडलं नव्हतं.

वसंता त्याच्यासमोर उभा राहिला. साऱ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं बोलला.

"डोमाजीभाऊ, डिझेल कोणी नेलं नाई. माप माह्यं चुकलं. तुमच्यावर आळ घेतला, तो मी सगळ्याईसमोर वापस घेतो. गाडी तुमचीच आहे."

डोमाजीनं हातातलं फडकं डब्यात ठेवलं. त्याला घाई करायचा हक्क आमच्यापैकी कुणालाच नव्हता. मग म्हणाला, "माप चुकते, वसंता. पण विचाराचं असते. मी तुले खांद्यावर घेऊन बाजार दाखवला. मले विचाराचं असते."

"हौ, भाऊ," वसंता म्हणाला.

चैतराम पंचांनी खिशातून किल्ली काढली. डोमाजीचे हात तेलानं काळे होते, म्हणून तो घेईना. तेव्हा रुख्माबाई पुढे आली, तिनं किल्ली घेतली आणि स्वतःच्या हातानं त्याच्या करदोड्याला बांधली. आणि मग आत जाऊन चहा ठेवला. मी दोन कप प्याले.

पौर्णिमेला दार डोमाजीनं उघडलं. मी पहिल्या रांगेत बसले होते. वाळवीची काय बिशाद, तेलानं चकाकणारी ती चौकट बघून लोक विचारत होते की कोणत्या लाकडाची केली.

वसंता म्हणत होता की जुनी टायरं परत चढवू. मी नको म्हटलं. टायर चांगले आहेत, माझ्या पोरानं पारखून आणले आहेत, गाडी रेतीत रुतत नाही. माप बदललं एवढं लक्षात ठेवलं म्हणजे झालं. आता तो टाकीचा हिशेब काट्यावर करत नाही, दगडांवर करतो, आणि आधी डोमाजीभाऊंना विचारतो. शिवाय जुन्या टायरात कोंबडी परत जाऊन बसली होती. तिच्याशी कोण भांडणार?

पौर्णिमेनंतरच्या पहिल्या लामत्याच्या बाजाराला मी निघाले. गाडी दारात उभी होती. मी नेहमीप्रमाणे दाराला धरून चढायला गेले, तर खाली एक पाट ठेवलेला. बुटका, चार पायांचा, विहाराच्या चौकटीतून उरलेल्या लाकडाचा, तेच काळं तेल पाजलेला. डोमाजी समोर बघत स्टेअरिंग धरून बसला होता, जसं काही त्याला यातलं काही ठाऊकच नाही.

"हे काय?" मी विचारलं.

"तुमच्या गुडघ्याईसाठी, बाई."

माझ्या गुडघ्यांना काहीही झालेलं नाही, गाडी उंच झाली आहे, हे साऱ्या बालाघाटात सगळ्यात आधी मीच शोधून काढलं होतं. ते मी त्याला तिथेच सुनावलं. मग पाटावर पाय ठेवला, चढले, आणि पाट उचलून आत माझ्या पायांशी ठेवून घेतला.